आईच्या दाढेची रूट कॅनॉल डेंटल कॉलेजात विद्यार्थी करणार म्हणतात, तर ही मुलं आधी काय काय शिकून येतात?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. आईच्या खालच्या डाव्या दाढेला मोठी कीड आहे. पंधरा दिवस झाले रात्री झोप नाही, गार पाणी लागलं की कळ थेट कानात जाते आणि अर्धा-अर्धा तास थांबत नाही. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तेवढ्यापुरतं थांबलं. मग सांगलीत एका दवाखान्यात दाखवलं तर रूट कॅनॉल आणि वर कॅप असे मिळून नऊ हजार सांगितले. यंदा बागेनं हात दिला नाही, त्यामुळं पाव्हण्यांनी सुचवलं की डेंटल कॉलेजात न्या, तिथं बऱ्याच कमी पैशात होतं.

गेलो. केस पेपर, एक्स-रे सगळं नीट झालं, माणसं पण बोलायला चांगली. पण मग एक मुलगी आली, माझ्या धाकट्या बहिणीएवढी असेल, आणि म्हणाली काकू पुढच्या बुधवारी या, आपण सुरू करू. आई तिथं काही बोलली नाही, एसटी स्टँडपर्यंत गप्पच होती आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "माझ्या दाढंवर पोरं शिकणार व्हय रं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं विचारतोय. ही मुलं माणसाच्या दाताला हात लावायच्या आधी नेमकं काय शिकलेली असतात, त्यांच्यावर कोण लक्ष ठेवतं, आणि दाढेसारखं अवघड काम विद्यार्थ्यानं केलेलं चालतं का? आईला बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू आहेत. कृपा करून दात काढून टाका असं सांगू नका, त्याच बाजूची मागची दाढ आधीच गेलेली आहे.


कॉन्सवाली_इंटर्न

दादा, मी साताऱ्याची, सध्या इंटर्नशिप करतेय, कॉलेज तुमच्याच बाजूला आहे पण नाव नको. आईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि त्याचं उत्तर त्यांना मिळायलाच पाहिजे, म्हणून जरा लांबण लावून लिहिते.

बीडीएस ही दाताच्या डॉक्टरची पदवी, ती म्हणजे चार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी आम्ही मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरतो, एकेक दात, त्याचे उंचवटे, खाचा, मुळाचा बाक, सगळं हाताला पाठ होईपर्यंत. दुसऱ्या वर्षी आधी प्लास्टरचे मोठे दात आणि मग फँटम हेड. फँटम हेड म्हणजे खुर्चीला बसवलेलं एक डोकं, रबराचे गाल, आत स्क्रूनं बसवलेले प्लास्टिकचे दात. वरच्या दाढेचं काम डोळ्यानं सरळ दिसतच नाही, आरशात बघून करावं लागतं आणि आरशात बघितलं की हात उलटीकडे जातो, त्याची सवय व्हायला मला दोन-अडीच महिने गेले. या सगळ्यात पेशंट कुठंच नसतो.

रूट कॅनॉलसाठी मात्र खरे दात लागतात, काढलेले. ते गोळा करणं हे आमचं एक मोठं काम. फॉर्मलीनची बरणी घेऊन सांगली-मिरजेतले दवाखाने फिरायचं आणि विचारायचं डॉक्टर दात साठवलेत का. समोरचा अख्खा दात मिळाला तर सोनं मिळाल्यासारखं वाटतं, कारण जे दात काढले जातात ते बहुतेक किडून फुटलेले नाहीतर म्हाताऱ्या माणसांचे हलून आलेले असतात, मिश्रीनं काळे पडलेले, मुळाला दगडासारखा टार्टर. ते घासून स्वच्छ करायचे, मुळाच्या टोकाला मेणाचा थेंब लावायचा म्हणजे कॅनॉलमध्ये, मुळातल्या बारीक नळीत, प्लास्टर शिरत नाही, आणि प्लास्टरच्या ठोकळ्यात बसवायचे, वर फक्त दाताचा डोक्याचा भाग दिसेल असे.

मग पहिली पायरी, ॲक्सेस. दाताच्या आत मधोमध एक पोकळी असते, तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या असतात, त्या पोकळीला वरून छत आणि खाली जमीन, आणि जमिनीत कॅनॉलची तोंडं. बरनं, म्हणजे ड्रिलच्या फिरत्या टोकानं, छत उघडायचं पण जमिनीला धक्का लावायचा नाही. आम्हाला शिकवतात की छत फुटलं की बर आत पडल्यासारखा हाताला कळतो. मी ते ऐकून ठेवलं होतं. माझी चौथी की पाचवी दाढ होती, खालचीच, आईंची आहे तशी. मी बर चालवत होते आणि वाट बघत होते की आता पडेल, आता पडेल, आणि तो काही पडेना. थांबून बघितलं तर आत पांढरं प्लास्टर दिसत होतं. छत, जमीन सगळं ओलांडून मी दोन मुळांच्या मधून खाली बाहेर पडले होते. तो दात म्हाताऱ्या माणसाचा होता, वयाबरोबर आतली पोकळी आक्रसत जाते, छत आणि जमीन जवळजवळ टेकलेली असतात, तिथं पडल्यासारखं वाटायला जागाच नसते.

सर ओरडले नाहीत. त्यांनी मला त्याच दाताचा आधी काढलेला एक्स-रे आणायला लावला, पट्टी दिली आणि छतापर्यंत किती, जमिनीपर्यंत किती, जमिनीपासून मुळं फुटतात तिथपर्यंत किती ते मोजायला लावलं. ते शेवटचं अंतर जेमतेम ३ मिलिमीटर भरलं. सर म्हणाले हे माणसाच्या तोंडात झालं असतं तर या तीन मिलिमीटरसाठी त्याची दाढ गेली असती. तेव्हापासून मी दर वेळी सुरू करायच्या आधी एक्स-रेवर मोजते आणि बर त्या मापाला धरून बघते, कितीही घाई असली तरी. तुमच्या आईंना हे सांगा, की पोरं चुकतात ती काढलेल्या दातावर चुकावीत म्हणूनच एवढ्या बरण्या भरलेल्या असतात.

पुढं फाईल्स. सुईसारख्या बारीक कानशी समजा, पंधरा नंबर म्हणजे टोकाला ०.१५ मिलिमीटर. रंगावरून ओळखायच्या, पंधरा पांढरी, वीस पिवळी, पंचवीस लाल, तीस निळी, पस्तीस हिरवी, चाळीस काळी, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. प्रत्येक फाईलवर रबराची चकती असते, तिला स्टॉपर म्हणतात, दाताची लांबी मोजून तो तिथं सरकवायचा म्हणजे फाईल मुळाच्या बाहेर जात नाही. लांबी काढणं हा तर सगळ्यात महत्त्वाचा भाग. फाईल आत ठेवून एक्स-रे काढायचा, मुळाच्या टोकापासून अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबायचं. जास्त गेलं तर हाडात जातं आणि दुखतं, कमी राहिलं तर टोकाला घाण तशीच. मधेच नंबर गाळून मोठी फाईल रेटली तर बाकदार कॅनॉलमध्ये पायरी तयार होते, आणि एकदा पायरी झाली की फाईल तिथंच अडकते, पुढं वाट सापडत नाही. हे पण मी ठोकळ्यावरच केलंय.

आणि लक्ष कोण ठेवतं तर, प्रत्येक टप्प्याला सही लागते. ॲक्सेस झाला, सर किंवा मॅडम येऊन आरशात बघतात, सही. लांबीचा एक्स-रे, सही. शेवटी कॅनॉल बंद करायला जो गट्टापर्चाचा, म्हणजे रबरासारख्या पदार्थाचा, निमुळता कोन भरायचा तो आधी नुसता घालून एक्स-रे काढायचा, ओढताना तो किंचित अडकल्यासारखा लागला पाहिजे, मॅडम स्वतः चिमट्यात धरून ओढून बघतात, मग सही. सही नसेल तर पुढं जायचं नाही, मग पेशंट बसून राहिला तरी चालेल. म्हणून कॉलेजात वेळ जातो.

माझा पहिला पेशंट उसाच्या ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर काका होते, वरचा समोरचा दात, मार लागून काळा पडलेला. समोरच्या दाताला एक मूळ, एकच कॅनॉल, म्हणून आमची सुरुवात तिथून होते. लांबी साडेबावीस आली होती, अजून लक्षात आहे. दोन तास लागले आणि ते तीन वेळा आले, आणि दर वेळी त्यांनी खुर्चीत बसताना आधी विचारलं, बाई तुम्ही जेवलाय का.

दाढेचं म्हणाल तर आमच्या डिपार्टमेंटला इंटर्न सहसा दाढ एकटे करत नाहीत, एमडीएस करणारे पीजी करतात, ते म्हणजे बीडीएस पूर्ण झालेले डॉक्टरच असतात आणि पुढची तीन वर्षं त्यांचं हेच काम. आम्ही शेजारी उभं राहून मदत करतो. प्रत्येक कॉलेजात वेगळं असू शकतं म्हणून तुम्ही बुधवारी सरळ विचारा की काम इंटर्न करणार की पीजी. विचारल्याचं कुणाला वाईट वाटत नाही, वाटायला नको.


कराडकर_ताई

माझा अनुभव सांगते. कॉलेजातला नाही, खाजगी दवाखान्यातला आहे. चार वर्षांपूर्वी दाढेची रूट कॅनॉल झाली, दुखायचं एकदम थांबलं, आणि कॅपचं नंतर बघू असं झालं. डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं पण का लागते ते कुणी नीट बसून सांगितलं नाही आणि मलाही वाटलं दुखत तर नाही मग चार-पाच हजार कशाला. आठ महिन्यांनी फुटाणे खाताना काट्कन आवाज आला आणि दाढ मधोमध उभी चिरली, मुळापर्यंत. काढावीच लागली. म्हणजे रूट कॅनॉलचे पैसे गेले आणि दाढ पण गेली. तेव्हा भाऊ, तुम्ही हिशोब करताना कॅपचे पैसे आधी बाजूला काढा, मग कॉलेज असो का दवाखाना. माझं एवढंच कळकळीनं सांगणं आहे.


मिरजेचा_दातवैद्य

इंटर्न डॉक्टरांनी जे लिहिलंय ते वाचून मला माझी बरणी आठवली. मी मिरजेत सतरा वर्षं प्रॅक्टिस करतोय. त्यांनी हाताचं काम सांगितलं, मी त्यामागचं कारण सांगतो, कारण विद्यार्थी खरं शिकतो ते तिथं.

सगळ्यांना वाटतं रूट कॅनॉल म्हणजे नस काढणं. नस काढणं हा फार छोटा भाग आहे. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर एक प्रयोग केला, तो आम्हाला परीक्षेला असतो. उंदरांच्या दाढा नसेपर्यंत उघड्या केल्या आणि तशाच सोडल्या, आत अन्न जाऊन बसलं. साध्या उंदरांची नस सडली, मुळाशी पू झाला. पण काही उंदीर जन्मापासून पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेले होते, त्यांच्या दातात तेवढंच अन्न अडकून पण नस जिवंत राहिली आणि उघड्या जागेवर दातानं स्वतःच नवा थर धरला. म्हणजे खराबी करतात ते जंतू. हे एकदा डोक्यात बसलं की मग रूट कॅनॉलची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते कळतं, जंतू बाहेर काढायचे, नवे आत येऊ द्यायचे नाहीत, आणि मग रिकामी जागा कायमची बंद करायची.

मी विद्यार्थ्यांना पेवाचं उदाहरण देतो. आमच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खणलेली, वर तोंड अरुंद आणि आत पोट मोठं. पेव साफ करायचं तर माणूस त्या तोंडातून सरळ खाली उतरला पाहिजे. तोंडच आडवं पडलं असेल तर तो एका भिंतीला घासत उतरतो आणि पलीकडच्या भिंतीला त्याचा झाडू पोचत नाही. दाढेचं तसंच आहे. ॲक्सेस नीट नसेल तर फाईल वाकून आत जाते, एकाच बाजूला घासते आणि शेवटी मोडते सुद्धा. त्यामुळं कॉलेजात ॲक्सेसवर एवढा वेळ घालवतात ते योग्यच आहे, मी तर म्हणेन अजून घालवावा.

आणि फाईल काही सगळं साफ करत नाही. कॅनॉल म्हणजे गोल सरळ नळी नव्हे, तो कुठं चपटा, कुठं दोन कॅनॉल मधे बारीक फटीनं जोडलेले, कुठं आडवे फाटे. तिथं औषधच पोचतं. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपडे पांढरे करायचं जे ब्लीच असतं त्यातलंच रसायन, ते मेलेला मांसल भाग विरघळवतं आणि जंतू मारतं. पण तेच मुळाच्या बाहेर हाडात ढकललं गेलं तर तोंड क्षणात सुजतं, भयंकर दुखतं. म्हणून सुई कॅनॉलमध्ये घट्ट अडकवायची नाही, सैल ठेवायची, हळूहळू सोडायचं, सुईवर सुद्धा स्टॉपर लावायचा. विद्यार्थ्यांच्या जीन्सवर पांढरे ठिपके दिसले की समजायचं हे ब्लीचचे. हात जपून ठेवायची सवय तिथूनच लागते.

आता तुमच्या आईंच्या दाढेबद्दल. खालची पहिली दाढ असेल तर साधारण दोन मुळं, पुढच्या मुळात दोन कॅनॉल आणि मागच्यात एक, कधी कधी दोन. म्हणजे तीन किंवा चार. कीड लागलेली दाढ, त्यात साठीकडे झुकलेलं वय, म्हणजे कॅनॉल अरुंद असणार, शोधायला वेळ लागणार. तो वेळ कॉलेजात असतो आणि घाईच्या दवाखान्यात कधी कधी नसतो, हे मी स्वतः दवाखाना चालवणारा माणूस म्हणून लिहितोय.

मी प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एका शिक्षकांच्या वरच्या दाढेची रूट कॅनॉल केली. एक्स-रे सुंदर आला होता, तीन मुळं, तीन कॅनॉल, तिन्ही टोकापर्यंत भरलेले. दीड वर्षानं ते परत आले, चावताना दुखतंय म्हणून. वरच्या पहिल्या दाढेला पुढच्या गालाकडच्या मुळात चौथा कॅनॉल असतो, बहुतेक लोकांना असतो, पण त्याचं तोंड एका कडेखाली लपलेलं असतं. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि खुर्चीवर मी तो शोधला नव्हता. परत उघडून तो शोधला, साफ केला, त्यांचे पैसे घेतले नाहीत. आजही वरची दाढ आली की चौथा कॅनॉल नाही असं मी पहिली पंधरा मिनिटं मानतच नाही. कॉलेजात सही करायला कुणीतरी वर असतं, तिथं दुसरे डोळे बघतात. माझ्या त्या केसला दुसरे डोळे नव्हते.

तुम्ही बुधवारी तीन गोष्टी विचारा. एक, रबर डॅम लावणार का. पातळ रबराचा चौकोनी पडदा असतो, भोक पाडून त्यातून तेवढा एकच दात वर काढतात, म्हणजे थुंकी आत जात नाही, आणि ब्लीच किंवा निसटलेली फाईल घशात जात नाही. हे काही नवीन नाही, न्यूयॉर्कच्या बार्नम नावाच्या डॉक्टरनं १८६४ साली सुरू केलंय, आणि तरी आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कापसावर भागवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन, लांबीसाठी एक्स-रे किंवा ॲपेक्स लोकेटर, म्हणजे कॅनॉलची लांबी सांगणारं यंत्र, वापरणार ना. तीन, कॅप कधी आणि कुठं बसवणार. कराडच्या ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, कीड आणि ॲक्सेस मिळून दाढेच्या भिंतीच पातळ राहतात, चावायचा सगळा भार त्यांच्यावर येतो आणि त्या उभ्या चिरतात.

बीपी-शुगरचं असं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, उपाशीपोटी जायचं नाही, सकाळची वेळ मागून घ्यायची, आणि शुगरचा ताजा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायची. भुलेच्या इंजेक्शनात ॲड्रेनलिन असतं म्हणून बीपी आधी सांगणं गरजेचं आहे, ते त्या दिवशी मोजतील. शुगर फार वाढलेली असेल तर आधी ती खाली आणायला सांगतील, तसं म्हणाले तर रागावू नका.


जत_एक्सप्रेस

माझ्या भावाला दोनदा भूल दिली तरी दाढ उघडताना तो खुर्चीतून उठला. हे शिकणाऱ्याच्या हातून होतं का? की सगळीकडेच होतं? कारण तेव्हापासून तो दाताच्या डॉक्टरकडे जायलाच तयार नाही.


मिरजेचा_दातवैद्य

सगळ्यांच्याच हातून होतं, माझ्याही झालंय. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या मागं जिथं मोठी नस हाडात शिरते तिथं इंजेक्शन देतात. ओठ जड झाला, जिभेची बाजू बधिर झाली म्हणजे इंजेक्शन बरोबर बसलं. पण दाढेच्या आतली नस सुजून पेटलेली असेल तर ओठ जड असूनही दाढ दुखते. अशा वेळी दाढेच्या बाजूनं हिरडीतून, नाहीतर थेट दाढेच्या आतल्या नसेतच थोडी भूल द्यावी लागते, ते क्षणभर चुणचुणतं आणि मग शांत होतं. भावाला सांगा की आधीच डॉक्टरांना बोला, मागच्या वेळी असं झालं होतं, आणि दुखलं की लगेच डावा हात वर करेन असं ठरवून घ्या. आणि दाढ ठणकत असताना शेवटच्या टोकाला जाऊ नका, आधीच जा. त्याला कुणी घाबरट म्हणत असेल तर म्हणू देऊ नका.


कॉन्सवाली_इंटर्न

हो, आणि यावरही आम्हाला आधी एकमेकांवर शिकवतात. मी माझ्या रूममेटला इंजेक्शन दिलंय आणि तिनं मला. सुई आपल्या स्वतःच्या जबड्यात गेली की मग पेशंटला हळू का द्यायचं ते सांगावं लागत नाही.

एक राहिलंच होतं. आईंच्या तोंडात किती बोटं जातात ते घरीच बघा, मधली तीन उभी बोटं गेली तर छान. आमच्याकडे गुटखा खाणारे पेशंट येतात, गाल आतून दोरीसारखे कडक झालेले, दोन बोटं पण जात नाहीत, तिथं मागची दाढ करणं फार अवघड होऊन बसतं. आईंची मिश्री असेल तर ती पण सांगा, लपवू नका, कुणी ओरडणार नाही. खूप काकू लपवतात.


द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. जरा उशिरा लिहितोय, चार वेळा जाणं झालं आणि मधे बागेची छाटणी होती.

बुधवारी गेल्या गेल्या विचारलं. काम एमडीएस करणाऱ्या दुसऱ्या वर्षाच्या मॅडमनी केलं आणि ती आधी भेटलेली मुलगी, ती इंटर्न होती, पूर्ण वेळ शेजारी. रबर डॅमचं विचारलं तर मॅडम म्हणाल्या लावणारच आहे, पण तुम्हाला कुणी सांगितलं, मग मी मिरजेच्या डॉक्टरांचं सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी शुगर जास्त निघाली, म्हणून त्या दिवशी फक्त दाढ उघडून दुखणं थांबवलं, औषध घालून वरून तात्पुरतं बंद केलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. त्या रात्री आई पंधरा-वीस दिवसांत पहिल्यांदा सलग झोपली.

पुढच्या वेळी मला आत उभं राहू दिलं. त्या पडद्यामुळं नुसती एक दाढ दिसत होती, बाकी चेहरा झाकलेला. मॅडम आकडे सांगत होत्या आणि ती मुलगी कागदावर लिहीत होती, एकोणीस, साडेएकोणीस, वीस. मग मॅडम थांबल्या, एक बारीक टोकदार हत्यार घेऊन बराच वेळ दाढेच्या आत कुठंतरी चाचपत राहिल्या. सर आले, त्यांनी आरशात बघितलं, म्हणाले मागच्या मुळात अजून एक बघ, जिभेच्या बाजूला. आणि निघाला. चौथा. मला इथं वाचलेलं आठवलं आणि अंगावर काटा आला खरं सांगतो. त्या एका कॅनॉलसाठी अर्धा तास जास्त गेला, ती बारीक जांभळी फाईल आत जाईपर्यंत तिघंही बोलत नव्हते.

आई बाहेर आल्यावर म्हणाली, माझ्या दाढंत चार बोळ आहेत म्हणं, त्या पोरीनं कागदावर चित्र काढून दाखवलं. तो कागद घरी आणलाय तिनं, देवघराच्या खणात ठेवलाय. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवते.

भरून झालंय, कॅपचं माप पण दिलंय, पुढच्या सोमवारी बसणार. कराडच्या ताई, पैसे आधीच बाजूला काढले होते. आता एकच शंका, मॅडम म्हणाल्या सहा महिन्यांनी एक्स-रेला या, आणि मुळाच्या टोकाला एक छोटा काळा डाग आहे तो बघायचाय. सगळं भरलं तरी डाग कसा राहिला? काळजीचं काही नाही ना?


कॉन्सवाली_इंटर्न

वाचून खूप छान वाटलं दादा, चौथा सापडला हे तर फारच.

डागाचं काळजीचं नाही. जंतूंमुळं मुळाच्या टोकाशी तेवढं हाड विरलेलं असतं, एक्स-रेत ते काळं दिसतं. आत साफ करून भरलं म्हणजे त्रासाचं कारण गेलं, पण हाड भरून यायला वेळ लागतो, काही महिने, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त, आणि शुगर असेल तर अजून हळू. सहा महिन्यांनी दोन एक्स-रे शेजारी धरून बघतात, डाग लहान झालाय का, तेवढाच आहे का वाढलाय. दुखत नाही म्हणून ही खेप चुकवू नका, कारण वाढत असेल तर बऱ्याचदा दुखल्याशिवायच वाढतो. मधल्या काळात सूज आली, हिरडीवर फोडासारखं काही आलं किंवा चावताना दुखलं तर सहा महिने थांबायचं नाही, लगेच जायचं.

तोपर्यंत ती इंटर्न मुलगी पास होऊन गेलेली असेल, मॅडम पण कदाचित दुसऱ्या पोस्टिंगला असतील. रेकॉर्ड राहतं पण शोधायला वेळ जातो, म्हणून केस पेपरचा नंबर आणि भरल्यानंतरचा एक्स-रे, दोन्हीचे फोटो आजच मोबाईलमध्ये काढून ठेवा. आणि आईंकडचा तो चित्राचा कागद पण बरोबर न्या, कोणता कॅनॉल किती लांब ते त्यावर लिहिलेलं असेल तर पुढच्या डॉक्टरला त्याचा उपयोग होईल.